डाळमिलची रेघ

नवऱ्याचं नाव मी घेत नाही आणि त्या कंपनीचंही घेत नाही. नवऱ्याचं घेत नाही ती आमच्याकडची रीत म्हणून. कंपनीचं घेत नाही, कारण घेतलं की अजून माझं डोकं उठतं. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची ती कंपनी. कोणासाठी लिहायची, त्या प्रोग्रामात काय असायचं, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी आमचा अख्खा प्लॉट तिच्या घशात घातला, त्या आमच्या ह्यांना तर बिलकुलच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरचं बटण कुठं असतं तेही त्यांना सांगता आलं नसतं. पण भाव कळतो, असं त्यांचं म्हणणं. आणि भाव कळला की मंग अजून काय कळायचं राहतं?

हे जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर मुनीम. गाव हसनाबाद, घरी शेती, पण औताच्या मागं चालायचा भारी कंटाळा. म्हणून एक्क्याऐंशी साली चुलत्याच्या ओळखीनं अडतीवर चिकटले ते चिकटलेच. मी पिंपळगाव रेणुकाईची. डी.एड. करून बदनापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले. रोज पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. मोंढ्यात ह्यांना मान होता, ते मी नाकारत नाही. मूठभर तूर हातावर घ्यायचे, फुंकर मारायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि भाव सांगायचे. लिलावात बीट पुकारलं की त्याच्या आसपासच जायचं. तुरीच्या बाबतीत माणूस पक्का. पण तुरीत पक्क्या असलेल्या माणसाला वाटायला लागतं, की देवानं आपल्याला जगातल्या सगळ्याच मालाची पारख दिली आहे. तिथून पुढं बायकोचे हाल सुरू होतात.

आम्ही भोकरदन नाक्याकडं दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. जालन्यात राहिलेल्या माणसाला पाण्याचं वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडं नळाला पाणी येत नाही, नळ ‘येतो’. कधी येईल ते नगरपालिकेलाही माहीत नसतं. आला की बायका हातातली पोळी तव्यावर टाकून धावतात. आमच्या घरमालकीण काकूंनी मोठा हौद बांधलेला होता आणि त्या हौदाला कुलूप होतं. हौदाला! किल्ली कमरेला. भाडेकरूंना सकाळी पाणी मिळायचं, तेही काकू पाटावर बसून बघत असताना. हंडा काठोकाठ भरला की म्हणायच्या, “मास्तरीणबाई, हात जरा आखडता घ्या. उन्हाळा हाय.” मी शाळेत पोरांना पाण्याचं महत्त्व शिकवायची आणि घरी कुलपासमोर रिकामा हंडा घेऊन उभी राहायची. इतकी वर्षं उभी राहिले, की हौदाचं झाकण स्वप्नात यायचं.

म्हणून मला स्वतःची जागा पाहिजे होती. बंगला नको, संगमरवर नको. माझं पाणी, माझा नळ, आणि कुलूप कुणाचंच नाही, एवढंच.

आणि ती जागा सापडली. अंबड चौफुलीच्या पुढं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शेताचे प्लॉट पाडले होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या प्लॉटवर त्यांचंच जुनं बोअर होतं. आम्ही पाहायला गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या बाबांनी मोटार चालू केली, आणि ऐन मे महिन्यात पाइपातून पाणी असं उसळून आलं, की माझ्या साडीच्या निऱ्या भिजल्या. मी ओंजळ धरली. गोड पाणी! मी हसायला लागले तशी थांबेच ना. हे म्हणाले, “अगं, लोकं पाहून राह्यले.” पाहू दे की. मी तिथंच ठरवलं, न्हाणीघर कुठं, तुळस कुठं, कपडे धुवायचा दगड कुठं. इसार दिला. बाबा म्हणाले, “घाई न्हाई. पुढल्या अक्षय तृतीयेला बाकीचे द्या, तेव्हाच खरेदीखत करू. बोअरचा प्लॉट मी तुमच्यासाठी धरून ठेवतो, ताई.”

बाकीचे पैसे जमवायला मी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली. ह्यांची शिल्लक होती, माझी भिशी होती. सगळं बँकेत दोघांच्या नावच्या खात्यात टाकलं. सही दोघांपैकी कुणाचीही चालेल, अशी सोय बँकेतल्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं करून दिली होती. नवरा-बायकोत कशाला अडचण, म्हणाले. असल्या सोयी करणाऱ्या माणसांना एकदा आमच्या घरी चहाला बोलवायला पाहिजे होतं.

त्याच पावसाळ्यात औरंगाबादला एका हॉटेलात शेअर बाजाराचा वर्ग झाला. मोंढ्यातल्या चार-दोघांबरोबर हे फी भरून गेल्ते. परत आले ते ज्ञान होऊनच. दारात चपला काढल्या न काढल्या आणि सुरू.

“अगं, तीन तास बोलला तो टायवाला. पण सांगितलं काय? मोंढा! आवक वाढली की मंदी, उठाव वाढला की तेजी. मागणी आन पुरवठा. हे शिकवायचे पैसे घेऊन राह्यले लोकं, आन आपून जिंदगीभर फुकटात करून राह्यलो!”

“मंग फी कशाला भरली?” मी विचारलं.

“बराबर करून राह्यलो का न्हाई, ते कळायला.”

त्यात खरी गंमत अशी, की तो टायवाला बोलला त्यात चूक काही नसावं. एखादा शेअर पडत पडत खाली येतो आणि मागं जिथून तो जोरात उसळला होता त्या भावाला पोचला, की तिथं घेणारे पुन्हा उभे राहण्याचा संभव असतो. ती मागणीची जागा. वर जिथून आपटला ती विकणाऱ्यांची जागा. खाली घ्यायचं, वर विकायचं, आणि अंदाज चुकला तर थोडक्यात नुकसान सोसून बाहेर पडायचं. ह्यातलं पहिलं ह्यांनी उचललं, दुसरं अर्धं उचललं, आणि तिसरं सांगत होते तेव्हा बहुतेक जेवणाची घंटा झाली असावी.

आमच्या भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं, तिथी-वार, सणवार, अमावास्या-पौर्णिमा सगळं दाखवणारं. ते उलटं टांगून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी त्या कंपनीचा भाव काढायला घेतला. रोज पेपरात बघून एक टिंब, टिंबाला टिंब जोडून रेघ. रेघ वरून खाली चाललेली, शाळेतल्या घसरगुंडीसारखी. कॉम्प्युटर कंपन्यांचे भाव तेव्हा सगळ्या देशातच कोसळत होते. आदल्या साली ज्यांना लोक डोक्यावर घेऊन नाचले त्या कंपन्यांना कोणी विचारेना. हे मात्र खूश.

“हे बघ. तुरीची आवक झाली की भाव पडतो. पडतो म्हंजे किती पडंल? एका भावाला आला की डाळमिलवाले घ्यायला हात वर करतातच. त्यांना मिल चालवायची हाय. त्याच्या खाली तूर जात न्हाई.” आणि त्यांनी लाल पेनानं कॅलेंडरवर आडवी रेघ मारली. “ही डाळमिलची रेघ. इथून शेअर उलटा फिरतो.”

पहिल्यांदा फिरला, हेच वाईट झालं. थोडेसेच घेतले होते, मला सांगून. त्या रेघेवर आला, उसळला, ह्यांनी विकले आणि आलेल्या फायद्यातून मिक्सर घेऊन आले. मी चटणी वाटली. चटणी झकास झाली. त्या मिक्सरनं आमचं वाटोळं केलं.

एका शनिवारी मी शाळेतून आले. जेवायला बसलो. ह्यांनी भाकरी मोडली आणि भाजीकडं बघत म्हणाले, “प्लॉटचे पैसे कामाला लावले.”

“कोणत्या कामाला?”

“रेघेवर आल्ता ना. समदे लावले. अक्षय तृतीयेपर्यंत दीडपट हुतील. वरच्या पैशात घर बी उभं राहील.”

मंग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला, की काकूंनी भिंतीवर थाप मारली. माझ्या पगारातली उचल होती ती. पुढली किती तरी वर्षं कापली जाणार होती. आणि ह्या माणसानं मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. ह्याचा राग मला तेव्हा आला तो आजपर्यंत आहे. तो कमी झाला असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडीन.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी मी शाळेला दांडी मारली आणि ह्यांच्याबरोबर, ज्यांच्यामार्फत शेअर घेतले त्या शेअरवाल्या शेठजींच्या ऑफिसात गेले. औषधाच्या दुकानावर माडी, लाकडी जिना, वर एक पंखा आणि एक स्क्रीन. स्क्रीनवर हिरवे-लाल आकडे पळायचे आणि समोरच्या खुर्च्यांवर मोंढ्यातली निम्मी माणसं तोंड उघडी टाकून बसलेली. भाव विचारायला म्हणून हे पुढं गेले आणि सवयीनं खांद्यावरचा रुमाल शेठजींच्या हातावर टाकून खालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात आणि मोंढ्यात सौदा असाच होतो, बोटं दाबून, तिसऱ्याला कळू नये म्हणून. शेठजी घाबरले. “मुनीमजी, अहो, भाव समोर लिहिलाय!” सगळी माडी हसली. ह्यांनी रुमाल खांद्यावर घेतला आणि गंभीर चेहरा करून स्क्रीनकडं बघितलं. अख्ख्या देशाला दिसणारा भाव हे गुपचूप विचारत होते. मी हसले नाही. मला रडायला येत होतं.

शेठजी माणूस चांगला. चहा मागवला. प्लॉटचं ऐकल्यावर त्यांनी चौकशी केली. “बोअर आहे म्हणता? पाणी किती इंच लागलंय? उन्हाळ्यात टिकतं?” मी सगळं सांगितलं. पाण्याचं कोणी विचारलं की मी सांगतच सुटायची.

“तुम्ही घेतलेत का हे शेअर?” मी विचारलं.

“छे छे, वहिनी. मी नाही घेत. आपण दलालीत सुखी. घ्यायचं तर माणसानं जमीन घ्यावी.”

हे ह्यांनी ऐकलं. शेजारीच बसले होते. पण कान स्क्रीनला लावलेले.

मंग काय, रेघ मोडली. डाळमिलवाले हात वर करायला आलेच नाहीत. भाव रेघेखाली गेला तसा ह्यांनी दोन दिवस पेपर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी खाली अजून एक लाल रेघ मारली. “ती छोटी मिल हुती. मोठी मिल हितं हाय.” पुढच्या महिन्यात मोठी मिलही बुडाली. त्याच्या खाली आणखी एक. दिवाळीपर्यंत आमच्या कॅलेंडरवर डाळमिलांची एमआयडीसी उभी राहिली आणि सगळ्या मिला बंद.

“मला एक सांगा,” मी एकदा संध्याकाळी विचारलं. “तूर मिलवाल्यानं घेतली की भरडली जाते. डाळ होते, शिजते, लोकांच्या पोटात जाते. बाजारातून ती गेली ती गेली. तुमचा हा शेअर कोणाच्या पोटात जातो? आज ज्यानं घेतला तो उद्या परत विकायलाच येणार. तेच पोतं रोज मोंढ्यात. मंग आवक संपंल कशी?”

ह्यांनी हातातला पेपर मिटला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मंग म्हणाले, “मास्तरणीनं शाळा शिकवावी.” आणि पेपर उघडला. पेपरात रोज किती शेअर विकले गेले तो आकडा यायचा. तो आकडा कमी झाला की हे मांडीवर थाप मारायचे. “आवक आटली! बघ, आता विकणाराच न्हाई राह्यला.” घेणाराही नाही राह्यला, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मोंढ्यात माल कमी आला तर तो लोकांच्या घरात संपलेला असतो. इथं माल कमी येत होता, कारण जो तो आपलं पोतं पोटाशी धरून, कोणी गिऱ्हाईक येतं का, ह्याची वाट बघत बसला होता. अगदी आमच्यासारखाच.

संक्रांत गेली, शिमगा झाला. घरात ह्यांचं-माझं बोलणं ‘भाकरी वाढू का’ आणि ‘नळ आला’ एवढ्यावर आलं. मी अधूनमधून बसनं अंबड चौफुलीला जायची आणि लांबून प्लॉट बघून यायची. बाबा दिसले की म्हणायचे, “ताई, धरून ठेवलाय बरं का.” मी मान हलवायची. काय सांगणार त्यांना? तुमचा प्लॉट डाळमिलच्या रेघेखाली गेलाय म्हणून?

आणि चैत्रात तो शेअर चढायला लागला. खरंच! काय कारण झालं देव जाणे. कुठं तरी अमेरिकेत कोणी तरी काही तरी बोललं म्हणे. रोज थोडा थोडा. ह्यांची कळी खुलली. दाढी रोज व्हायला लागली. “म्हटलं हुतं ना, उठाव यीलच.” दीडपट सोडा, घातले तेवढे सुद्धा नव्हते झाले. पण मी मनात हिशेब करत होते. अजून एवढा चढला, तर प्लॉटची बाकी निघेल. वर काही नको. मिक्सर परत घ्या, पण बाकी निघू द्या.

अक्षय तृतीयेला तीन दिवस राहिले. सकाळची शाळा होती. दुपारच्या गाडीनं उतरले आणि घरी न जाता थेट माडीवर गेले. हे आधीच तिथं बसलेले. दुपारी अडतीवर न बसता इथं कसे, असा विचारसुद्धा मला सुचला नाही. स्क्रीनवर तो आकडा हिरवा, आणि वर चाललेला. चालता चालता तो तिथं पोचला जिथं मला पाहिजे होता. त्याच्याही वर चार आणे गेला. मी ह्यांचा दंड धरला. चारचौघांत नवऱ्याचा दंड मी जन्मात धरला नव्हता.

“विका,” मी म्हणाले.

शेठजींनीही मान वर केली. “मुनीमजी, वहिनी बराबर म्हणतात. टाकू का विकायला? पैसे हातात यायला आठवडा जाईल, पण प्लॉटवाल्या बाबांना मी फोन करतो. माझ्या शब्दावर ते थांबतील.”

आणि हे म्हणाले, “आज न्हाई. आज अमावास्या हाय.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मंग कळलं. अमावास्येला मोंढा बंद असतो. हमाल येत नाहीत, काट्यांवर पोती झाकलेली, अडतीवर फक्त अगरबत्ती. म्हणून तर हे दुपारचे इथं बसले होते! मोंढ्यात पाय ठेवल्यापासून ह्या माणसानं अमावास्येला एक सौदा केला नव्हता, तुरीचा नाही, कापसाचा नाही, म्हशीचासुद्धा नाही.

“अहो, हा मोंढा आहे का? मुंबईचा बाजार आहे हा! चालू आहे, बघा, पळतोय समोर!”

“चालू असंल. आपल्याला चालत न्हाई. अमावास्येचा पैसा टिकत न्हाई.”

“टिकायचा कशाला? तेरवा तर बाबांना द्यायचा आहे!”

“तू जरा धीर धर. आज विकणारे कमी हायत, म्हणून तर चढून राह्यला. उद्या अजून चढंल. मोठी आवक आता झाली बी आन गेली बी.”

मी शेठजींकडं वळले. “तुम्ही विका. मी सांगते.”

ते खाली बघून म्हणाले, “वहिनी, हे खातं मुनीमजींच्या एकट्याच्या नावावर आहे.”

बँकेत पैसे काढायला कुणाचीही सही चालत होती. शेअर विकायला माझी चालत नव्हती. मी तिथंच, त्या लाकडी खुर्च्यांच्या मधोमध उभी राहून रडले. हात जोडले. “पाया पडते तुमच्या. मला ते पाणी पाहिजे हो.” एवढंच म्हणत होते. माडीवरच्या पुरुषांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांना अचानक स्क्रीनवर फार महत्त्वाचं काही दिसायला लागलं. पंखा फिरत होता. आकडा हिरवाच होता. ह्यांचा चेहरा उतरला होता, हे मला दिसलं. ओठ हलले, ‘टाका’ म्हणतील असं क्षणभर वाटलं. मंग त्यांनी हात पाठीमागं बांधले आणि म्हणाले, “उद्या सकाळी पहिला सौदा आपला. शब्द दिला.”

ह्यांच्या त्या ‘उद्या सकाळी’ आकडा लाल होऊनच उघडला. उघडला म्हणजे काय, उघडून तिथंच थांबला. एका दिवसात जेवढा पडायची परवानगी असते तेवढा पडला आणि थिजला. विकणाऱ्यांची ही मोठी रांग आणि घेणाऱ्यांच्या खान्यात शून्य. ह्यांचा पहिला सौदा त्या रांगेत कुठं तरी मागं उभा राहिला, काकूंच्या हौदासमोर मी उभी राहायची तसा. दुसऱ्या दिवशी तेच. अक्षय तृतीयेला बाजार सुरू झाल्या झाल्या अजून एक पायरी खाली. एवढ्या दिवसांत कोणी एक शेअर घेतला नाही. मागणीच्या जागा शोधत महिने घालवलेल्या माणसाला मागणी नसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी स्क्रीनवर बघायला मिळालं. घरी येऊन ह्यांनी कॅलेंडर काढलं, सरळ केलं आणि तिथी-वाराची बाजू पुढं करून परत टांगलं. मी स्वयंपाक केला नाही. त्या दिवशी आमच्याकडं आमरस-पुरी नव्हती.

बाबांनी इसार परत दिला. कायद्यानं द्यायची गरज नव्हती, तरी दिला. “ताई, मी थांबलो असतो,” ते म्हणाले. “पण पोरीचं लग्न जेठात धरलंय. दुसरं गिऱ्हाईक रोखीनं घेऊन राह्यलं.”

“कोण?” मी विचारलं.

त्यांनी शेअरवाल्या शेठजींचं नाव सांगितलं. घ्यायचं तर माणसानं जमीन घ्यावी. ऐकलं होतं की आम्ही. शेठजींवर माझा राग नाही. त्यांनी चोरी केली नाही, फसवलं नाही, अमावास्येला विकायचं सुद्धा तेच म्हणाले होते. त्यांनी फक्त बोअरला पाणी किती इंच आहे ते नीट विचारून ठेवलं होतं.

तो शेअर पुढं चार-आठ आण्याला येऊन पडला आणि मंग कंपनीच दिसेनाशी झाली. आम्ही माझ्या उचलीचे हप्ते फेडले, आणि बऱ्याच वर्षांनी कन्हैयानगरच्या बाजूला एक लहानशी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. माझ्या एकटीच्या नावावर. अंगणात बोअर मारलं. गाडीवाला खाली खाली गेला, दिवसभर गेला, आणि पांढरी धूळ वर आली. अंगणभर, तुळशीवर, ह्यांच्या डोक्यावर. हे धुळीत उभे राहून म्हणाले, “अजून थोडं खाली लागंल.” मी म्हणाले, “आता ह्याच्या खाली कोणतीच मिल नाही. गाडी बंद करा.”

तेव्हापासून आम्ही टँकर घेतो. उन्हाळ्यात अंबड चौफुलीकडून निळा टँकर येतो. कोपऱ्यातल्या प्लॉटवर शेठजींनी घर बांधलंच नाही. मोटार बसवली, टाकी बांधली, दोन टँकर घेतले. पाणी गोड असतं. पहिल्यांदा टँकर आला तेव्हा मी नळीखाली ओंजळ धरली आणि एका घोटात ओळखलं.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. टँकर गल्लीत शिरला. हे आता निवृत्त, धोतराचा पायजमा झालेला, हातात नळी घेऊन टाकीशी उभे. ड्रायव्हरनं सांगितलं, की आजपासून भाव वाढला.

“काहून वाढला?” ह्यांनी विचारलं.

“मालक म्हणतेत, मागणी लई हाय. बाकीच्या विहिरी आटल्या.”

हे मान हलवायला लागले, मोंढ्यात बरोबर बीट लागलं की हलवायचे तशी. “बराबर हाय,” म्हणाले. “आवक आटली की भाव चढनारच. शेठजींचा अंदाज पक्का.” आणि खिशातून पाकीट काढलं.

मी घरात गेले. आमच्या भिंतीवर अजून तसंच कॅलेंडर असतं, दर वर्षी नवं. त्याच्यावर एक नजर टाकली आणि दारात येऊन म्हणाले, “अहो, थांबा. आज अमावास्या आहे. आज कसा घेता सौदा?”

ह्यांचा हात पाकिटात राहिला. ड्रायव्हरला काही कळलं नाही, तो आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मंग ह्यांनी पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले, आणि नळी टाकीत सोडली.